एच-१बी व्हिसावर स्वतःची कंपनी

वडोदऱ्याच्या शाखेत अनिवासी भारतीय ग्राहकांचा कक्ष सांभाळू लागल्यावर एक गोष्ट लवकरच माझ्या ध्यानात आली. कक्षाच्या पाटीवर ‘अनिवासी’ असे लिहिलेले असले, तरी समोरच्या खुर्चीवर बहुधा निवासीच बसलेले असतात. गायकवाडांच्या अमदानीपासून येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतील कितीतरी मुले-मुली आज अमेरिकेत आहेत आणि त्यांच्या खात्यांचे, ठेवींचे, मुखत्यारपत्रांचे काम त्यांचे आई-वडील शाखेत येऊन पाहत असतात. अशाच एका निवृत्त दांपत्याने काही महिन्यांपूर्वी माझ्यापुढे दोन अर्ज ठेवले. पहिला होता ४० लाख रुपयांच्या ठेवी मुदतीपूर्वी मोडण्याचा. दुसरा राहत्या सदनिकेच्या तारणावर आणखी ४० लाखांचे कर्ज मागण्याचा. टेक्सासमध्ये नोकरीस असलेल्या मुलाने एका मित्रासह नवी कंपनी काढावयाचे ठरविले होते आणि हे ८० लाख रुपये भांडवल म्हणून घालून आई-वडिलांच्या नावे त्या कंपनीचे समभाग घ्यावेत, असा बेत होता. मुलगा सहा महिने शनिवार-रविवार नव्या कंपनीचे काम करणार आणि मग नोकरीचा राजीनामा देणार होता.

“काका, मुलाचा व्हिसा कोणता आहे?” मी विचारले.

“एच-१बी. अजून दोन वर्षांची मुदत शिल्लक आहे, मॅडम. त्याची काळजी नाही,” ते म्हणाले.

काळजीचे कारण नेमके तेथेच होते. व्हिसाची मुदत किती, हा प्रश्न या बाबतीत दुय्यम आहे. त्या मुदतीत कोणासाठी आणि कोणते काम करण्याची मुभा आहे, हा खरा प्रश्न. तो न विचारता घर गहाण टाकावयास निघालेले ते पहिलेच पालक नव्हेत. म्हणून या विषयावर आपल्या नियतकालिकातून थोडे विस्ताराने लिहावे असे वाटले.

एच-१बी हा प्रकार अमेरिकेच्या १९९० च्या स्थलांतर कायद्याने आजच्या स्वरूपात आला. किमान पदवीची आवश्यकता असलेल्या विशेष ज्ञानाच्या व्यवसायांसाठी तो आहे. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकी विद्यापीठांतील पदव्युत्तर पदवीधरांसाठी आणखी २०,००० अशी त्याची मर्यादा असून मंजूर होणाऱ्या एकूण अर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक अर्ज भारतीयांचे असतात. एका वेळी तीन वर्षांपर्यंत, सर्वसाधारणतः एकूण सहा वर्षे, आणि ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोहोचली असल्यास त्याहूनही पुढे तो वाढविता येतो. हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र त्याचा अर्ज कर्मचारी करीत नाही, कंपनी करते, याचा अर्थ पुरता लक्षात घेतला जात नाही. कंपनी प्रथम श्रम खात्याकडे हमीपत्र देते की, अमुक ठिकाणी, अमुक कामासाठी, अमुक पगारापेक्षा कमी वेतन दिले जाणार नाही. त्यानंतर ती स्थलांतर सेवा विभागाकडे याचिका दाखल करते. मंजुरी मिळते ती त्या कंपनीतील त्या कामापुरती. अमेरिकेत राहण्याची परवानगी आणि अमेरिकेत काम करण्याची परवानगी या तेथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एच-१बी धारकाजवळ दुसरी असते ती एका नियोक्त्याच्या नावाने बांधलेली.

मालकी वेगळी, काम वेगळे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एच-१बीवर असलेल्या व्यक्तीस अमेरिकेत कंपनी स्थापन करता येते का? निःसंशय येते. कंपनीची नोंदणी राज्यांच्या कायद्यानुसार होते आणि डेलावेअरसारख्या राज्यात भागधारक होण्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व तर सोडाच, तेथे वास्तव्य असण्याचीही अट नाही. वडोदऱ्यात बसलेली व्यक्तीसुद्धा तेथील कंपनीची मालक होऊ शकते. समभाग धारण करणे, भांडवल घालणे, लाभांश घेणे, भागधारक म्हणून मत देणे, यांपैकी कशालाही कामाच्या परवान्याची गरज नाही.

गरज पडते ती काम सुरू झाल्यावर. कंपनीसाठी संगणक प्रणाली लिहिणे, ग्राहकांशी व्यवहार करणे, माणसे नेमणे, बिले काढणे, थोडक्यात कंपनीचा गाडा ओढणे म्हणजे नोकरीच, आणि त्या कंपनीच्या नावे मंजुरी नसेल तर ती विनापरवाना नोकरी. ‘पगार घेतलाच नाही’ किंवा ‘फक्त सुट्टीच्या दिवशी केले’ या सबबी सामान्यतः मान्य होत नाहीत. प्रारंभीची तयारी कोठे संपते आणि काम कोठे सुरू होते, ही रेषा पुसट आहे हे खरे. गुंतवणूकदाराशी एक बैठक आणि रोज रात्री चार तास लिहिलेली प्रणाली यांत अंतर आहे. पण पुसट रेषेच्या कोणत्या बाजूला आपण होतो, हे ठरविण्याचा अधिकार आपला नसतो. तो पुढे केव्हातरी मुदतवाढीचा किंवा ग्रीन कार्डाचा अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा असतो. हा प्रश्न उपस्थित होतो तोही बहुधा काही वर्षांनी, तेव्हा घर घेतलेले असते आणि मुले शाळेत रुळलेली असतात.

कंपनी पत्नीच्या नावे नोंदवावी आणि काम पतीने करावे, ही युक्तीही कानावर येते. तिचा उपयोग नाही. मालक कोण हे येथे पाहिले जात नाही. राबतो कोण हे पाहिले जाते.

जाता जाता आणखी एक सावधगिरी. अनेक अमेरिकी कंपन्यांच्या नोकरीच्या करारात कर्मचाऱ्याने लावलेल्या शोधांचे व लिहिलेल्या प्रणालींचे हक्क कंपनीकडे जातील असे कलम असते. व्हिसाचा प्रश्न उद्या सुटला तरी ज्या कल्पनेवर नवी कंपनी उभी करावयाची, ती कल्पनाच जुन्या कंपनीची ठरू शकते. हा करार वाचण्यास काही खर्च येत नाही.

हा नियम किती जाचक होऊ शकतो याचे उदाहरण म्हणून ज्योती बन्सल यांचे नाव नेहमी घेतले जाते. आय.आय.टी. दिल्लीचे हे अभियंते २००० साली अमेरिकेत गेले. स्वतःची कंपनी काढण्याची इच्छा असूनही एच-१बीमुळे त्यांना सुमारे सात वर्षे इतरांकडे नोकरी करीत ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेतून मिळणाऱ्या कामाच्या परवान्याची वाट पाहावी लागली. परवाना हाती आल्यावर २००८ मध्ये त्यांनी ‘ॲपडायनॅमिक्स’ ही कंपनी स्थापन केली आणि २०१७ मध्ये ‘सिस्को’ने ती ३७० कोटी डॉलर्सना विकत घेतली. सात वर्षे थांबूनही यश मिळाले, असे या कथेतून काही जण सांगतात. मला मात्र त्या सात वर्षांचाच विचार अधिक करावासा वाटतो.

स्वतःच्याच कंपनीत नोकर

मग नवी कंपनीच आपल्या मालकासाठी याचिका दाखल करू शकेल काय? या प्रश्नाचे उत्तर गेल्या पंधरा-सोळा वर्षांत अनेकदा बदलले आहे. कंपनी ही तिच्या भागधारकाहून वेगळी कायदेशीर व्यक्ती असते, हे तत्त्व वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी शिकविले जाते आणि अमेरिकी स्थलांतर खात्याच्या जुन्या निर्णयांतही ते मान्य केलेले आढळते. परंतु जानेवारी २०१० मध्ये खात्याने आपल्या अधिकाऱ्यांसाठी एक परिपत्रक काढले. नियोक्ता तो, ज्याला कर्मचाऱ्यावर नियंत्रण ठेवण्याचा हक्क आहे, असे त्यात म्हटले होते. त्या कसोटीवर एकमेव मालक अडला. स्वतःच स्वतःचा वरिष्ठ असलेल्या माणसास कामावरून काढणार कोण? २०११ मध्ये खात्याने खुलासा केला की, मालकाला काढून टाकण्याचा अधिकार असलेले स्वतंत्र संचालक मंडळ असल्यास अशी याचिका विचारात घेता येईल. मार्ग थोडा मोकळा झाला, पण तो प्रत्येक अधिकाऱ्याच्या समजुतीवर अवलंबून राहिला. न्यायालयाच्या एका निकालानंतर २०२० मध्ये ते परिपत्रकच मागे घेण्यात आले.

अखेर डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि १७ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या नियमांत मालक-कर्मचाऱ्याचा प्रथमच स्पष्ट उल्लेख आला. कंपनीत निम्म्याहून अधिक मालकी किंवा बहुसंख्य मताधिकार असलेल्या व्यक्तीसाठीही ती कंपनी याचिका करू शकते. मात्र त्या व्यक्तीचा निम्म्याहून अधिक वेळ पदवीशी निगडित अशा विशेष ज्ञानाच्या कामात गेला पाहिजे. उरलेल्या वेळात मालक म्हणून कंपनी चालविण्याची कामे करता येतील. संगणक अभियंत्याने मुख्यतः अभियंत्याचेच काम करावे आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची खुर्ची फावल्या वेळात भूषवावी, असा याचा अर्थ. शिवाय अशा नियंत्रक मालकाच्या बाबतीत पहिली मंजुरी आणि त्यानंतरची पहिली मुदतवाढ या दोन्ही प्रत्येकी १८ महिन्यांपुरत्याच असतात. कंपनी केवळ कागदावर आहे की खरोखर चालते, हे लवकर तपासता यावे हा त्यामागील हेतू दिसतो.

यातील ‘निम्म्याहून अधिक’ हे शब्द नीट वाचावेत. बरोबर निम्मी मालकी असलेला भागीदार, मताधिकारातही त्याचे बहुमत नसेल तर, या व्याख्येत बसत नाही. त्याला १८ महिन्यांचे बंधन लागू होत नाही आणि नेहमीप्रमाणे तीन वर्षांपर्यंतची मंजुरी मिळू शकते. आमच्या काकांचा आग्रह होता की, पैसा आपला असल्याने मुलाचा वाटा ६० टक्के असावा. व्यापाराच्या दृष्टीने तो रास्तही होता; पण त्या वरच्या दहा टक्क्यांची किंमत मुलाच्या वास्तव्याच्या मुदतीत मोजावी लागली असती.

ज्याची गणना वार्षिक मर्यादेत एकदा झालेली आहे, अशा व्यक्तीस नव्या कंपनीकडे जाताना पुन्हा सोडतीत उतरावे लागत नाही, ही या मुलासाठी दिलासा देणारी बाब. सध्याची नोकरी न सोडता नव्या कंपनीने अर्धवेळ कामासाठी समांतर याचिका करणेही नियमांत बसते. शनिवार-रविवारच्या कामाचा सरळ मार्ग तोच होय. तसेच अमेरिकेत अगोदरच वैध दर्जावर असलेल्याने केवळ नियोक्ता बदलल्यास, २१ सप्टेंबर २०२५ पासून बारा महिन्यांसाठी लागू करण्यात आलेली १ लाख डॉलर्सची अट त्यास लागू होत नाही, असे खात्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केले. ती अट प्रामुख्याने देशाबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या याचिकांबाबत आहे. भारतात असलेल्या व्यक्तीसाठी कोणी याचिका करणार असेल, तर त्या तारखेस ही अट कायम आहे का, हे आधी पाहून घ्यावे. ज्यांना पहिल्यांदा सोडतीत उतरावयाचे आहे त्यांच्यासाठीही चित्र बदलले आहे. फेब्रुवारी २०२६ अखेरीपासूनच्या नियमानुसार वेतनाच्या चार स्तरांपैकी सर्वांत वरच्या स्तराच्या उमेदवाराचे नाव सोडतीत चार वेळा धरले जाते आणि सर्वांत खालच्या स्तराच्या उमेदवाराचे एकदाच. बेताचा पगार देऊ शकणाऱ्या नवजात कंपनीची संधी त्यामुळे कमी झाली आहे.

पगाराचा हिशेब

कायद्याची ही गुंतागुंत वकील सोडवितात. बँकेतील माणसाचे लक्ष जाते ते पगाराच्या कलमाकडे, आणि माझ्या मते नवे उद्योजक सर्वाधिक फसतात ते येथेच. आपल्याकडे नवे दुकान टाकणारा पहिली एक-दोन वर्षे स्वतः काही घेत नाही. बायकोच्या पगारावर किंवा साठविलेल्या पुंजीवर घर चालते आणि गल्ल्यातील पैसा धंद्यातच राहतो. यात कोणालाही काही गैर वाटत नाही. एच-१बीवरील मालकास मात्र ही मुभा नाही. कंपनीने श्रम खात्यास दिलेल्या हमीनुसार त्या भागातील त्या कामाचे प्रचलित वेतन, किंवा कंपनी तशाच कामासाठी इतरांना देत असलेले वेतन, यांपैकी जे अधिक असेल ते द्यावेच लागते. काम नाही, ग्राहक नाही, उत्पन्न नाही म्हणून पगार थांबविता येत नाही. मालकाने स्वखुशीने पगार सोडला, हेही चालत नाही.

उदाहरणादाखल त्या कामाचे प्रचलित वेतन वर्षाला १ लाख डॉलर्स धरू. काकांचे ८० लाख रुपये डॉलरमध्ये बदलले तर १ लाखाहून कमीच भरतात. म्हणजे वडोदऱ्यातील ठेवी आणि सदनिका मिळून उभे राहणारे संपूर्ण भांडवल मुलाला त्याचाच पगार देण्यात वर्षभराच्या आत संपले असते. त्यावर मुलाने प्राप्तिकर भरला असता, कंपनीने आपल्या वाट्याचे वेतन-कर भरले असते आणि कंपनीच्या खऱ्या कामासाठी छदामही उरला नसता. मी हा हिशेब एका कोऱ्या कागदावर मांडून दाखविला. काकू तोवर गप्प होत्या. तो कागद त्यांनी आपल्याकडे ओढून घेतला आणि बराच वेळ पाहिला.

राजीनाम्याच्या बेताबद्दलही सांगणे भाग होते. नोकरी संपल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते आणि दर्जाची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढीही नाही. नव्या कंपनीची याचिका दाखल होताच तेथे काम सुरू करता येते हे खरे असले, तरी ती पुढे नामंजूर झाल्यास काम तत्काळ थांबवावे लागते. नव्या, लहान, मालकानेच केलेल्या याचिकेची छाननी कसून होते. जादा शुल्क भरून १५ कामकाजी दिवसांत निर्णयाची किंवा त्रुटीविषयी विचारणेची खात्री मिळविता येते. तेव्हा मंजुरीचा कागद हाती येईपर्यंत राजीनामा न देणे शहाणपणाचे.

इतर वाटा

ग्रीन कार्ड मिळाल्यावर हा प्रश्नच संपतो. तथापि प्रत्येक देशास असलेल्या सात टक्क्यांच्या मर्यादेमुळे नोकरीवर आधारित प्रवर्गांतील भारतीयांची रांग दशकाहून अधिक लांब आहे. पती किंवा पत्नी एच-१बीवर असून ग्रीन कार्डासाठीची याचिका मंजूर झाली असल्यास दुसऱ्या जोडीदारास मे २०१५ पासून स्वतंत्र कामाचा परवाना मिळू शकतो आणि त्यावर व्यवसायही करता येतो. ही वाट आपल्याकडील कुटुंबांना सर्वांत जवळची आहे. मात्र ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही, हे ध्यानात ठेवून अर्ज वेळेपूर्वी करावा.

विद्यार्थ्यांना पदवीनंतर मिळणाऱ्या बारा महिन्यांच्या प्रशिक्षण काळात अभ्यासक्रमाशी संबंधित स्वतःचा व्यवसाय करता येतो. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांच्या पुढील २४ महिन्यांच्या वाढीव काळात मात्र खरा नियोक्ता व प्रशिक्षणाची योजना लागते. असामान्य गुणवत्तेसाठीचा ओ-१ व्हिसा स्वतःच्या कंपनीमार्फत मागता येतो, पण त्याची कसोटी नावाप्रमाणेच आहे. २०१७ साली तयार झालेल्या आंतरराष्ट्रीय उद्योजक नियमाखाली अमेरिकी गुंतवणूकदारांकडून मोठी रक्कम उभी केलेल्यांना ३० महिने वास्तव्याची मुभा मिळू शकते. ही रक्कम ऑक्टोबर २०२४ मध्ये ३,११,०७१ डॉलर्स करण्यात आली. आई-वडिलांनी भारतातून पाठविलेला पैसा तीत धरला जात नाही. गुंतवणूकदारांसाठीचा ई-२ व्हिसा ज्या देशांशी अमेरिकेचा तसा करार आहे त्यांच्या नागरिकांसाठी असतो. असा करार श्रीलंका व पाकिस्तान या आपल्या शेजाऱ्यांशी आहे, भारताशी नाही. एजंटांच्या जाहिरातींत हा खुलासा बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच.

पैसा येथून जाताना

आता आमच्या मेजावरची बाजू. निवासी व्यक्तीने परदेशी पाठवावयाच्या रकमेस रिझर्व्ह बँकेची उदारीकृत विप्रेषण योजना लागू होते. फेब्रुवारी २००४ मध्ये २५,००० डॉलर्सवर सुरू झालेली ही मर्यादा मे २०१५ पासून दर आर्थिक वर्षी प्रत्येक व्यक्तीस २,५०,००० डॉलर्स इतकी आहे. रकमेची अडचण म्हणून सहसा नसते. अडचण असते ती कारणाची.

आई-वडिलांनी मुलाच्या कंपनीचे समभाग घेतले की ती केवळ मुलाला केलेली मदत राहत नाही. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसल्यास एका समभागाची खरेदीही २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांनुसार थेट परदेशी गुंतवणूक ठरते. रक्कम पाठविण्यापूर्वी ठरावीक नमुन्यात बँकेमार्फत नोंद करून विशिष्ट क्रमांक घ्यावा लागतो आणि दहा टक्के वा अधिक वाटा असल्यास दरवर्षी कंपनीच्या कामगिरीचा अहवाल द्यावा लागतो. हे नियम न पाहता ‘मुलाच्या निर्वाहासाठी’ असे कारण लिहून गुंतवणूक पाठविणे म्हणजे फेमाचे उल्लंघन. कर्जाचा अर्ज तर तेथेच थांबला. भांडवली स्वरूपाच्या विप्रेषणासाठी बँकांनी व्यक्तींना कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. सदनिका गहाण ठेवून मुलाच्या कंपनीचे समभाग घेणे आमच्याच काय, कोणत्याही बँकेत नियमाने शक्य नव्हते. हे ऐकून काका थोडे नाराज झाले. घर त्यांचे, मुलगा त्यांचा आणि नाही म्हणणारी मी.

मुलाला देणगी म्हणून पैसे देता येतात. ती त्याच्या वैयक्तिक खात्यात जावी, कंपनीच्या नव्हे. एप्रिल २०२५ पासूनच्या तरतुदीनुसार एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर पाठविलेल्या अशा रकमेवर बँक २० टक्के कर उगमस्थानी गोळा करते. एकाच व्यक्तीने ८० लाख पाठविले तर ७० लाखांवर १४ लाख रुपये जास्तीचे हाताशी असावे लागतात. हा खर्च नव्हे. विवरणपत्रात त्याचे श्रेय मिळते व परतावाही मिळतो. पण निवृत्त माणसाचे १४ लाख काही महिने अडकून पडणे ही साधी गोष्ट नाही. तिकडे अमेरिकेत करदृष्ट्या रहिवासी झालेल्या मुलाने परदेशातील व्यक्तींकडून एका वर्षात १ लाख डॉलर्सपेक्षा अधिक देणगी स्वीकारली, तर तिची माहिती तेथील कर खात्यास ठरावीक नमुन्यात द्यावी लागते. देणगीवर त्याला कर नाही, परंतु माहिती न दिल्यास दंड जबर आहे.

या सर्व चर्चेत एक साधी गोष्ट सर्वांच्याच नजरेतून सुटली होती. मुलाच्या स्वतःच्या नावे आमच्या शाखेत दोन अनिवासी बाह्य ठेवी होत्या. तो पैसा त्याचाच. मुद्दल व व्याज परदेशी नेण्यास त्यावर विप्रेषण योजनेची मर्यादा नाही आणि उगमस्थानी गोळा होणारा करही नाही. कंपनीतील त्याच्या वाट्याचे भांडवल तेथूनच जाणे सर्वांत सोयीचे होते. दोहोंपैकी एका ठेवीस वर्ष पुरे व्हावयाचे होते. त्याआधी मोडल्यास व्याज मिळाले नसते, म्हणून ती तशीच राहू दिली.

पुढील आठवड्यात मुलाने तेथील स्थलांतरविषयक वकिलाचा सल्ला घेतला. त्याचा मित्र अमेरिकेचा नागरिक असल्याने त्याच्यावर कामाचे कोणतेही बंधन नव्हते. कंपनीची नोंदणी झाली, काम मित्राने सुरू केले आणि मुलगा तूर्त केवळ भागधारक राहून आपल्या नोकरीत कायम आहे. वर्षभराच्या पगाराची तरतूद कंपनीच्या खात्यात झाल्यावरच त्याच्यासाठी अर्धवेळ कामाची याचिका दाखल करावयाची, असे ठरले.

काका-काकूंनी मुलाला देणगी म्हणून १५ लाख रुपये पाठविले. दोघांनी आपापल्या नावे विभागून पाठविल्यामुळे कर गोळा करण्याचा प्रश्न आला नाही. उरलेल्या ठेवी जागच्या जागी राहिल्या. कर्जाच्या अर्जासोबत दिलेली सदनिकेची कागदपत्रे परत नेण्यासाठी काका एकटेच आले होते. पावतीवर सही करता करता म्हणाले, “वाटा पन्नास-पन्नासच ठेव म्हणून सांगितलं त्याला.”